नगरपरिषदेचा ऊर्जा आणि हवामान आराखडा: लाईट बिलापासून अंदाजपत्रकापर्यंत

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रशासकांचा लांबलेला काळ संपून सभागृहं पुन्हा भरली आणि त्यांत पहिल्यांदाच निवडून आलेले नगरसेवक बरेच आहेत. राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरण अभियान २०२० पासून चालू असल्यामुळे हवामान बदल, कार्बन, नेट झिरो हे शब्द सगळ्यांच्या कानांवरून गेलेले असतात. पण आपल्या गावाचा ऊर्जा आणि हवामान आराखडा करायचा म्हणजे कोणाकडून कोणता कागद मागायचा, काय मोजायचं आणि पहिला रुपया कुठे घालायचा, हे सहसा कोणी बसून सांगत नाही. हा लेख अशा नव्या नगरसेवकांसाठी आणि नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांसाठी आहे. सभेच्या आधी तयारी करून प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांनाही तो उपयोगी पडेल.

उदाहरणासाठी ५० हजार लोकवस्तीची एक ब वर्ग नगरपरिषद धरली आहे. तिचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी तुम्ही तुमचे घाला.

आधी आवाका ठरवा

नमुना म्हणून बहुतेक जण मुंबईचा हवामान कृती आराखडा उघडतात. तो मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. २०१९ हे आधारवर्ष (ज्याच्याशी पुढची तुलना करायची ते वर्ष), उत्सर्जनात २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट आणि २०५० मध्ये नेट झिरो (निव्वळ उत्सर्जन शून्य), अशी त्याची मांडणी आहे. आधारवर्ष, टप्प्याटप्प्याची उद्दिष्टं आणि क्षेत्रनिहाय कृती हा त्याचा सांगाडा जरूर घ्यावा. मजकूर मात्र उचलू नये. मुंबईच्या उत्सर्जनात जवळपास तीन चतुर्थांश वाटा वीज आणि इमारतींतल्या ऊर्जेचा आहे. तुमच्या गावात चित्र वेगळं असणार, आणि ते काढणं हेच पहिलं काम आहे.

लहान नगरपरिषदेने दोन वह्या ठेवाव्यात. पहिल्या वहीत नगरपरिषद स्वतः जे जाळते आणि स्वतः जे हाताळते ते: पाणी उपसा, पथदिवे, कार्यालयं-शाळा-दवाखाने, घंटागाड्या, कचरा डेपो. दुसऱ्या वहीत सगळं गाव: घरगुती वीज, गॅस, दुकानं, वाहनं, कारखाने. पहिली वही अचूक असलीच पाहिजे, कारण तिच्यावर तुमचा थेट ताबा आहे. दुसरी पहिल्या वर्षी ढोबळ असली तरी चालते. महावितरणच्या उपविभागाकडून वर्गवारीनुसार वार्षिक वीजविक्री, गॅस एजन्सीकडून सिलिंडरची संख्या आणि पेट्रोल पंपांची विक्री एवढं लेखी मागितलं की तिचा पाया तयार होतो. महामार्गावरच्या पंपांची विक्री गावाच्या खात्यात धरू नका, बाहेरच्या ट्रकांचं डिझेल तुमच्या नावावर चढेल.

ठराव आणि माणसं

सर्वसाधारण सभेच्या ठरावात चार गोष्टी लिहून घ्या: आधारवर्ष (शेवटचं पूर्ण झालेलं आर्थिक वर्ष), जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम, माहिती गोळा करण्याची अंतिम तारीख, आणि पुढच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष (या खर्चाचं वेगळं खातं) उघडण्याचा निर्णय. शेवटची गोष्ट राहून गेली की आराखडा छापला जातो, त्याचं प्रकाशन होतं आणि पुढे काहीच होत नाही. खर्चाला लेखाशीर्षच नसेल तर मुख्याधिकाऱ्यांची इच्छा असूनही बिल निघत नाही.

समितीत मुख्याधिकारी, पाणीपुरवठा अभियंता, विद्युत पर्यवेक्षक, आरोग्य निरीक्षक आणि नगररचनेचं कोणीतरी असतंच. लेखापालांनाही पहिल्या बैठकीपासून बसवा, बिलांच्या फायली त्यांच्याकडे असतात. जॅकवेलवरच्या, म्हणजे नदीतून पाणी उचलणाऱ्या विहिरीवरच्या, पंप ऑपरेटरलाही बोलवा. कोणता पंप गरम होतो, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो आणि रात्री किती वेळा लाईट जाते, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

वेळापत्रक अंदाजपत्रकाकडून मागे मोजत बांधा. अंदाजपत्रकाची सभा साधारण फेब्रुवारीत होते. म्हणजे मसुदा नोव्हेंबरपर्यंत तयार हवा, पंपांची मोजणी उन्हाळ्यात नदीची पातळी खाली असताना एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा व्हायला हवी, आणि बिलांचं काम एप्रिल-मेमध्येच उरकायला हवं.

बिलांची वही

नगरपरिषदेच्या नावावर असलेल्या प्रत्येक वीजजोडणीची एक ओळ करा. रकाने असे: ग्राहक क्रमांक, प्रत्यक्ष जागा, दर वर्गवारी, मंजूर भार, मीटर चालू की बंद, बारा महिन्यांचे युनिट, बारा महिन्यांची रक्कम, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते त्याचं माप). मग यादी हातात घेऊन प्रत्येक मीटरपाशी जाऊन या. हे कंटाळवाणं काम सल्लागार करत नाहीत, आणि हाती लागण्यासारखं बरंच काही याच फेरीत सापडतं:

- बंद पडलेल्या बोअरवेलची जोडणी, जिचा स्थिर आकार दरमहा भरला जातो.
- हद्दवाढीआधीच्या ग्रामपंचायतीच्या नावावर राहिलेल्या जोडण्या.
- मीटर नादुरुस्त म्हणून वर्षानुवर्षं सरासरीने येणारं बिल. इथे बचत केली तरी बिलात दिसत नाही. त्यामुळे आधी मीटर बदला, मग बाकीचं.
- चुकीची वर्गवारी. पाणीपुरवठा, पथदिवे आणि सार्वजनिक सेवा यांचे दर वेगवेगळे असतात.
- पंप बदलले तरी जुनाच राहिलेला मंजूर भार, किंवा खराब कपॅसिटरमुळे घसरलेला पॉवर फॅक्टर.

थकबाकी, व्याज आणि मागील समायोजनं बिलाच्या रकमेत मिसळलेली असतात. म्हणून तुलना नेहमी युनिटची करा, रुपयांची नको.

युनिटचं कार्बनमध्ये रूपांतर

त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. ग्रिडमधल्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं, त्यामुळे कोणत्या वर्षाचा घेतला ते लिहून ठेवा. एक लिटर डिझेल २.६८ किलो, एक लिटर पेट्रोल २.३ किलो. गॅसचा एक किलो जवळजवळ ३ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमागे ४२ किलो.

कचऱ्याचा हिशेब थोडा निराळा, कारण तिथे मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या साध्या सूत्राने उघड्या, पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या डेपोवर टाकलेला एक टन मिश्र कचरा साधारण अर्ध्या टनाच्या थोडं वर उत्सर्जन देतो. ढीग पाच मीटरच्या वर गेला की हेच दुप्पट होतं, कारण आत हवा पोहोचत नाही.

आता आपलं ५० हजारांचं गाव. पाणी उपशाला वर्षाला १३.४ लाख युनिट, पथदिव्यांना ६.५ लाख, इमारतींना ०.८ लाख, मिळून २०.७ लाख युनिट आणि सुमारे १,४५० टन. गाड्यांचं ६० हजार लिटर डिझेल म्हणजे १६० टन. कचरा माणशी रोज ३५० ग्रॅम धरला तर दिवसाला साडेसतरा टन, वर्षाला ६,४०० टन. तो सगळा उघड्यावर पडत असेल तर साडेतीन हजार टनांच्या आसपास उत्सर्जन.

या बेरजेतून आराखड्याचा कणा मिळतो: पैसा पंपात अडकलेला आहे आणि उत्सर्जन डेपोवर होतंय. पंपांत वाया जाणारी वीज थांबवून वाचलेल्या पैशातून डेपो सुधारा, हा क्रम लहान नगरपरिषदेला परवडतो. अनेक ठिकाणी मात्र पहिली मागणी येते ती कार्यालयाच्या छतावर सौर पॅनल लावण्याची. छताचा फोटो छान येतो, पण आपल्या गावात इमारतींची वीज एकूण विजेच्या चार टक्केही नाही.

पंपाची मोजणी

एक हजार लिटर पाणी एक मीटर वर चढवायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तर, २.७२५ वॅट-तास लागतात. एकूण चढ ८० मीटर असेल तर हजार लिटरला ०.२१८ युनिट. हे निसर्गाचं बिल, याच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही. तुमचं प्रत्यक्ष बिल किती आहे, ते उंच टाकी, घड्याळ आणि मीटर एवढ्यावर काढता येतं.

टाकीचा आतला व्यास १२ मीटर असला तर तळाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. टाकीचा गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. बाकीचे पंप आणि पंपगृहातली इतर जोडणी बंद ठेवून एकच पंप चालू करा. पाच-दहा मिनिटं प्रवाह स्थिर होऊ द्या. मग टाकीवर एकाने पातळी आणि पंपगृहात दुसऱ्याने मीटरचं रीडिंग त्याच क्षणी टिपायचं, फोनवर बोलत. अर्ध्या तासाने पुन्हा तसंच. समजा पातळी ६० सेंटिमीटर चढली आणि मीटर ३७ युनिट पुढे गेला. ११३ गुणिले ०.६, म्हणजे ६८ घनमीटर, म्हणजेच ६८ हजार लिटर पाणी चढलं. हजार लिटरला ०.५४ युनिट पडले. निसर्गाचं बिल ०.२१८, म्हणून कार्यक्षमता ४० टक्के.

या मोजणीत नेहमी तीन चुका होतात. उच्चदाब जोडणीच्या मीटरला गुणक असतो, तो बिलावर छापलेला असतो. रीडिंगच्या फरकाला त्याने गुणायचं राहिलं तर पंप एकदम कार्यक्षम दिसू लागतो. दुसरी, बंद केलेला व्हॉल्व्ह आतून गळत असतो. म्हणून पंप चालू करण्याआधी पंधरा मिनिटं टाकीची पातळी स्थिर राहते का ते बघा. तिसरी चूक चढ मोजण्यातली. टाकीची उंची म्हणजे चढ नव्हे, ऊर्ध्ववाहिनीतल्या, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंतच्या नळातल्या, घर्षणाचाही त्यात वाटा असतो. पंपाच्या बाहेरच्या बाजूला नवा दाबमापक बसवा. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर. मापक ७.४ दाखवत असेल आणि विहिरीतली पाण्याची पातळी मापकाच्या सहा मीटर खाली असेल तर चढ ८० मीटर. पंपगृहातले जुने दाबमापक बहुतेकदा अडकून पडलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

पंप एकेकटा मोजून झाला की जेवढे पंप रोज एकत्र चालतात तेवढे एकत्र चालवूनही मोजा. दुसरा पंप सुरू केल्यावर पाणी जवळपास दुप्पट व्हायला हवं. ते सव्वापटच होत असेल तर ऊर्ध्ववाहिनी अरुंद पडते आहे आणि दुसरा पंप घर्षणाशी झगडण्यात वीज घालवतो आहे. अशा वेळी पंप बदलून उपयोग नाही. वेळ वाटून एकेक पंप चालवणं किंवा वाहिनी बदलणं हा उपाय.

कार्यक्षमता ४० वर येण्याची कारणं ठरलेली आहेत. गढूळ पाण्याने इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) आणि त्याभोवतीच्या वेअर रिंग झिजलेल्या असतात. मोटर दोन-तीनदा रिवाइंड झालेली असते. पंप निवडताना ‘असू दे जास्तीचा’ म्हणून प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त चढ धरलेला असतो, आणि मग मोटर ओव्हरलोड होऊ नये म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह अर्धा दाबून ठेवतो. हे शेवटचं सर्रास दिसतं. व्हॉल्व्ह दाबलेला दिसला की ऑपरेटरला दोष देऊ नका, तो पंप वाचवतोय. चूक खरेदीच्या वेळची आहे. पंप चांगल्या स्थितीत असेल तर इम्पेलर छाटून घेणं हा स्वस्त उपाय असतो, तो उत्पादकाच्या आलेखावरून ठरवायचा.

नव्या चांगल्या पंपाची कार्यक्षमता ७५ ते ८०, मोटरची ९२ ते ९४. दोन्हींचा गुणाकार ७० च्या आसपास येतो. आपण सावधपणे ६५ धरू. माणशी १३५ लिटरप्रमाणे गावाला रोज ६७.५ लाख लिटर लागतात. ४० टक्क्यांवर त्यासाठी रोज ३,६८० युनिट, ६५ वर २,२६० युनिट. वर्षाची बचत ५.१६ लाख युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ४१ लाख रुपये, आणि ३६० टन कार्बन. एवढीच वीज सौर पॅनलवर तयार करायची तर ३७० किलोवॅटचा प्रकल्प आणि सुमारे ३,७०० चौरस मीटर सावली नसलेली जागा लागेल.

निविदेत तीन अटी घाला. मोजलेल्या चढावर आणि प्रवाहावर हमी दिलेली कार्यक्षमता, अंदाजे नव्हे. पंप बसवल्यावर वर सांगितलेल्या पद्धतीने जागेवर चाचणी, आणि तिच्यात कमी पडल्यास रकमेत कपात. आणि सर्वांत महत्त्वाचं, दरांची तुलना करताना किमतीबरोबर वीजखर्चही धरायचा. आपल्या गावात कार्यक्षमतेचा एक टक्का इकडचा तिकडे झाला तर वर्षाला लाखभर रुपयांचा फरक पडतो. फक्त कमी किमतीचा पंप घेतला तर ठेकेदाराला दिलेली सूट पुढची दहा-पंधरा वर्षं लाईट बिलातून भरावी लागते.

गळती हा याच हिशेबाचा भाग आहे. वितरणात ३० टक्के पाणी गळत असेल तर सुधारलेल्या पंपांची अडीच लाख युनिटही दरवर्षी जमिनीत मुरतात. रात्री दोन ते चार या वेळात टाकीची पातळी किती उतरते ते नोंदवा. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, म्हणून उतरणारं पाणी मुख्यतः गळतीचं. ज्या गावात पाणी ठरावीक तासच सोडतात, तिथे एका झोनचे नळ बंद ठेवायला सांगून ही चाचणी करावी लागते.

टाक्या पुरेशा मोठ्या असतील तर उपशाचे तासही बदलून बघा. बिलावर दिवसाच्या वेळेनुसार झोन दिलेले असतात. आता सवलतीचे तास रात्रीकडून उन्हाच्या वेळेकडे सरकले आहेत. चालू दरपत्रक पाहून ऑपरेटरच्या पाळ्या ठरवा आणि संध्याकाळच्या महाग तासांत उपसा टाळा.

पथदिवे

आपल्या गावात तीन हजार दिवे, त्यांतले ६०० अजून सोडियमचे. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट १७० घेतो, त्या जागी ७० वॅटचा एलईडी पुरतो. वर्षाला सुमारे चार हजार तास दिवे चालतात, म्हणून दिव्यामागे ४०० युनिट, एकूण २.४ लाख युनिट वाचतात.

एलईडी लवकर जातात ही तक्रार खरी आहे, पण दिव्यात दोष क्वचित असतो. तुटलेल्या न्यूट्रलमुळे आणि विजेच्या लोटामुळे (अचानक वाढलेल्या दाबामुळे) दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर जळतो. निविदेत लोट संरक्षक मागा आणि दिवे लावण्याआधी फीडर पॅनलचं अर्थिंग दुरुस्त करा. टायमर सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे आपोआप बदलणारा घ्या. साधा टायमर जूनमध्ये लावला की डिसेंबरपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवा, म्हणजे तक्रारही नेमकी येते आणि ठेकेदाराचं बिलही तपासता येतं.

मग सौर

राज्यात एक किलोवॅट पॅनल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं आणि दहा चौरस मीटर मोकळी जागा घेतं. जलशुद्धीकरण केंद्राचं आवार ही सहसा सर्वांत चांगली जागा: दिवसा भार तिथेच असतो, कुंपण असतं, राखणदार असतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, प्रकल्पाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणूनच पंप आधी बदला. जुन्या भारावर मापलेला प्रकल्प पंप सुधारल्यावर जास्तीचा ठरतो.

प्रकल्प मंजूर करताना पाच वर्षांच्या देखभालीचा करार आणि वार्षिक युनिटची हमी मागा. नुसत्या किलोवॅटवर बिल देऊ नका. धुळीच्या दिवसांत पॅनल पंधरा दिवसांतून एकदा धुवावे लागतात, म्हणून छतावर पाण्याचा नळ आणि जिना आहे ना ते आधी बघा. शाळांच्या छतांवर प्रकल्प लावणार असाल तर मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा वीज कुठे जाणार याचा हिशेब मांडा.

नागरिकांसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजना आहे: पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, कमाल ७८ हजार रुपये अनुदान. नगरपरिषदेने प्रभागात अर्ज भरून देण्याचा एक दिवस ठेवला तरी फरक पडतो, कारण बरेच अर्ज घराच्या मालकीचा आणि वीजबिलाचा कागद जुळत नसल्यामुळे अडकतात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. तिथली पद्धत मोठ्या गावात एखाद्या प्रभागापुरती करून बघण्यासारखी आहे.

कचरा डेपो

आराखड्यातलं सर्वांत मोठं उत्सर्जन इथलं. ओला कचरा वेगळा येऊन त्याचं खत झालं तर मिथेनचा मोठा भाग तयारच होत नाही. साडेसतरा टनांतला निम्मा, म्हणजे जवळपास नऊ टन, ओला असतो.

वर्गीकरण मोडतं ते बहुतेकदा घरात नव्हे, गाडीत. लोक दोन डबे देतात, गाडीत एकच खण असतो, आणि दुसऱ्या आठवड्यात लोक वेगळं करणं सोडून देतात. म्हणून प्रचाराच्या फलकांआधी गाड्यांतले खण आणि डेपोवरची दोन वेगळी उतरणं यांवर खर्च करा. खताची रास दीड मीटरपेक्षा उंच ठेवू नका. ओलावा ५० ते ६० टक्के हवा, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब यावेत, धार येऊ नये. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर चढायला हवं, त्यासाठी एक लांब दांड्याचा तापमापक घ्या. वास येऊ लागला म्हणजे आत हवा कमी पडते आहे, रास पलटा. पावसाळ्यात वर छप्पर नसेल तर जून ते सप्टेंबर खत होतच नाही, आणि नेमके हेच चार महिने बहुतेक आराखड्यांत विसरलेले असतात. हॉटेलं आणि भाजी मंडईचा कचरा स्वच्छ असतो, तो बायोगॅसला वेगळा काढता येईल. मात्र रोज ठरलेलं वजन मिळण्याची खात्री असल्याशिवाय संयंत्र घेऊ नका.

पूर, टंचाई, ऊन

उत्सर्जन कमी करणं ही आराखड्याची एक बाजू. बदललेल्या हवामानात गाव उभं कसं राहणार, ही दुसरी, आणि लोकांना तीच आधी भिडते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर शहराची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. चहूकडे पाणी आणि नळाला पाणी नाही, अशी अवस्था झाली. म्हणून नवे पंप आणि पॅनल मंजूर करताना त्यांची पातळी लाल पूररेषेशी ताडून बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पाटबंधारे विभागाने रेषा आखलेल्या असतील तर नकाशा मागवा. नसतील तर जुन्या पुरांच्या खुणा घरांच्या भिंतींवर दाखवणारी माणसं प्रत्येक गावात असतात. त्या खुणांची उंची सर्वेक्षकाकडून मोजून घ्या. विद्युत पॅनल आणि जनरेटर त्या उंचीच्या वर हवेत.

टंचाईसाठी गेल्या दहा वर्षांतले टँकरचे महिने, स्रोताची मे महिन्यातली पातळी आणि महसूल मंडळाचा पाऊस एकाच तक्त्यात मांडा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तुमच्या गावाचा एकमेव स्रोत आटला तर दुसरा कोणता, तिथे वीजजोडणी आहे का, आणि वाहिनी किती लांब टाकावी लागेल, याची उत्तरं आराखड्यात हवीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्या मागितल्या की मिळतात.

उन्हासाठी अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. लहान गावाला त्यातल्या थोड्याच गोष्टी पुरतात: हवामान विभागाचा इशारा आला की सफाई कामगारांची पाळी पहाटे सरकवायची, बाजारात आणि बसस्थानकावर सावली आणि पाणी ठेवायचं, पत्र्याच्या छताच्या अंगणवाड्या आणि दवाखाने चुन्याने किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाने रंगवायचे. रंग एप्रिलच्या आधी लागला पाहिजे, निविदा डिसेंबरमध्ये निघाली तरच ते जमतं.

पैसा आणि मान्यता

प्रत्येक कामाची एक ओळ करा: खर्च, वार्षिक युनिट बचत, रुपये बचत, परतफेडीची वर्षं, टन कार्बन, निधीचा स्रोत. परतफेड तीन वर्षांच्या आत असलेली कामं स्वनिधीतून घ्यायला सभेला फार समजवावं लागत नाही. पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना वित्त आयोगाचा बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरता येणारा) निधी, मोठ्या कामांना जिल्हा नियोजन समितीकडून राज्याच्या नगरोत्थान योजनेचा निधी मागता येतो. सौर आणि ऊर्जा लेखापरीक्षणासाठी पुण्याच्या महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेशी आणि तिच्या विभागीय कार्यालयाशी संपर्क ठेवा. पाणीपुरवठ्याच्या कामांची तांत्रिक मान्यता जीवन प्राधिकरणाकडे अडकू शकते, त्यामुळे प्रस्ताव मोजणीच्या तक्त्यासह पाठवा. मोजलेला चढ आणि प्रवाह जोडलेला प्रस्ताव शंका काढून परत येण्याची शक्यता कमी होते.

वाचलेल्या रकमेचं काय करायचं, हे पहिल्या वर्षीच ठरावात लिहा. लाईट बिल ४१ लाखांनी कमी झालं की पुढच्या अंदाजपत्रकात ती तरतूदच कमी होते आणि पैसे दुसरीकडे वळतात. वाचलेल्या रकमेचा निम्मा भाग तरी तीन वर्षांसाठी ऊर्जा आणि कचरा लेखाशीर्षात राहील, अशी ओळ घालून घ्या. डेपोवरचं छप्पर आणि गाड्यांतले खण याच पैशातून येतात.

नोंदवही चालू ठेवणं

दरमहा तीन आकडे सभेपुढे ठेवा: हजार लिटरला किती युनिट लागले, डेपोवर वेगळा आलेला ओला कचरा किती टन, आणि सौर प्रकल्पांनी किती युनिट दिले. पहिला आकडा दोन महिने सलग वाढला तर पंप तपासा. दुसरा घसरला तर कोणत्या प्रभागाच्या गाडीत मिसळ होते ते शोधा. तिसरा पावसाळ्यात कमी होणारच, पण ऑक्टोबरमध्ये वर आला नाही तर पॅनल धुवायला माणूस पाठवा आणि इन्व्हर्टरवरचा दोष-संकेत लिहून घ्या. वर्षाअखेरीस आधारवर्षाचा तक्ता त्याच रकान्यांत पुन्हा भरा. हद्दवाढ झाली असेल किंवा नवी पाणी योजना सुरू झाली असेल तर एकूण युनिट वाढलेले दिसतील, म्हणून माणशी आणि हजार लिटरमागे असे दोन्ही आकडे शेजारी छापा. अभियंत्यांची बदली होते तेव्हा मोजणीच्या मूळ नोंदी, टाकीचा मोजलेला व्यास आणि मीटरचा गुणक कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत घालून घ्या.